बर्फगाडीचें तेलपाणी



‘तेलपाणी’ हा शब्द आपल्या घरांत फार जुना आहे. शिवणाचें यंत्र असो, विहिरीवरील रहाट असो किंवा दाराची बिजागरी असो, वेळच्या वेळीं तेलपाणी केलें नाहीं तर कोणतेंहि यंत्र कुरकुरूं लागतें, हें कोणास सांगावयास नको. आज ज्या यंत्राच्या तेलपाण्याविषयीं मी बोलणार आहें, तें मात्र आपल्या दारांत उभें राहणारें नव्हे. तें बर्फावर धांवणारें वाहन आहे. इंग्रजींत त्यास स्नोमोबाइल म्हणतात. आपण सोयीसाठीं बर्फगाडी म्हणूं.

आपला आणि बर्फाचा संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध थोडा आहे, पण खरा आहे. मुंबई-पुण्याकडील पुष्कळ कुटुंबें हिंवाळ्यांत काश्मीरला जातात आणि समुद्रसपाटीपासून सुमारें २,६५० मीटर उंचीवरील गुलमर्गच्या पठारावर मुलाबाळांसह ह्या गाडीवरून एक फेरी मारून येतात. सियाचीन हिमनदीवर १९८४ पासून भारतीय सेनेचा पहारा आहे. तेथें थंडी उणे ५० अंशांपर्यंत उतरते, आणि जवान तेथें अशा गाड्यांचा उपयोग करतात. महाराष्ट्रांतील कित्येक घरांतील मुलगे तो पहारा करून आलेले आहेत. तथापि ह्या गाडीचें माहेर म्हणजे कॅनडा, अमेरिकेचीं उत्तरेकडील राज्यें आणि फिनलंड-स्वीडनसारखे देश. तेथें ती केवळ करमणुकीची वस्तु नाहीं. जेथें हिंवाळ्यांत रस्ते बुजून जातात, तेथें डॉक्टर, टपाल, शिकारी आणि रेनडिअर पाळणारे लोक हिच्यावरच अवलंबून असतात.

हिचा जन्महि अशाच गरजेंतून झाला. कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत व्हॅलकूर नांवाच्या गांवीं जोसेफ-आर्मां बोंबार्डिए नांवाचा एक हुन्नरी कारागीर राहत असे. १९३४ च्या हिंवाळ्यांत त्याचा दोन वर्षांचा मुलगा आंत्रपुच्छाच्या विकारानें आजारी पडला. रस्ते बर्फानें बंद, रुग्णालयापर्यंत नेण्यास वाहन नाहीं, मूल दगावलें. बर्फावरून चालणारें वाहन बनविण्याचे त्याचे प्रयोग तरुणपणापासून चालूच होते. ह्या आघातानंतर त्यानें त्यांचा पिच्छा पुरविला. दांतेरी चाक आणि रबरी पट्टा ह्यांच्या योजनेचें पेटंट त्यास १९३७ मध्यें मिळालें, आणि १९५९ मध्यें ‘स्की-डू’ ही लहानशी, एकदोघांनीं बसावयाची गाडी बाजारांत आली. पुढें १९६८ च्या एप्रिल महिन्यांत राल्फ प्लेस्टेड नांवाचा एक अमेरिकन विमा-व्यावसायिक आपल्या सोबत्यांसह अशाच गाड्यांवरून उत्तर ध्रुवावर जाऊन पोंचला. वाहनाची शक्ति ह्याहून अधिक कशानें सिद्ध व्हावी?

गाडीची रचना सोपी आहे. पुढें दोन घसरपट्ट्या. हँडल वळविलें कीं त्या वळतात. मागें रुंद, फिरता रबरी पट्टा. तो बर्फाला रेटून गाडी पुढें ढकलतो. मध्यें इंजिन. आतां ह्या इंजिनापुढील पेंच लक्षांत घ्या. बाहेर उणे ३० अंश थंडी असते आणि आंत पेट्रोल पेटत असतें. म्हणजे तेलाला एकाच वेळीं हिमालय आणि भट्टी अशा दोन्ही ठिकाणीं चाकरी करावयाची असते. थंडीच्या मुलखांत इंजिन तापण्याची भीति नाहीं, अशी आपली समजूत असते. ती चुकीची आहे. कॅप्टन स्कॉट ह्याने दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर नेलेल्या मोटर-घसरगाड्या १९११ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस निघाल्या आणि कांहीं दिवसांतच सोडून द्याव्या लागल्या. भोंवतालीं गोठविणारी थंडी असतांना त्यांचीं इंजिनें अतिशय तापत, आणि दट्ट्याच्या दांड्याचीं बेअरिंगें फुटून त्या निकामी झाल्या.

तेल थंडीनें काय होतें, हें समजण्यासाठीं प्रयोगशाळा नको. मार्गशीर्षांतील सकाळीं न्हाणीघरांतील खोबरेल तेलाची बाटली पहा. रात्रीं जें पाण्यासारखें वाहत होतें, तें पांढरें, घट्ट, मेणासारखें होऊन बसतें. खोबरेल तेल साधारण २४-२५ अंशांच्या खालीं थिजूं लागतें. शेजारीं तिळाचें तेल असेल तर तें मात्र वाहतें राहतें. दोन्ही तेलेंच, पण थिजण्याचा अंश निराळा. इंजिनाच्या तेलांतहि असाच भेद असतो. जमिनींतून निघालेल्या खनिज तेलांत मेणाचा अंश असतो. थंडी वाढली कीं त्या मेणाचे बारीक कण बनतात, एकमेकांत गुंततात आणि तेलाला जाळ्यांत धरून ठेवतात. अनेक साधीं खनिज तेलें उणे २० अंशांच्या आगेंमागें अशा रीतीनें वाहण्याचीं थांबतात. रसायनशाळेंत घडविलेलें कृत्रिम तेल, ज्यास बाजारांत सिंथेटिक म्हणतात, त्यांत असें मेण नसतें. म्हणून तें उणे ४० अंशांच्या आसपासहि वाहतें राहूं शकतें. बर्फगाडीसाठीं सिंथेटिक तेलाचा आग्रह धरतात तो ह्या कारणानें; केवळ दुकानदारीच्या जाहिरातीनें नव्हे.

डब्यावरील आंकड्यांची भाषाहि समजून घेतली पाहिजे. ‘०डब्ल्यू-४०’ असें लिहिलेलें असतें. त्यांतील डब्ल्यू हें इंग्रजी अक्षर हिंवाळ्याचें. त्याच्या आधींचा आंकडा थंडींतील वागणूक सांगतो, नंतरचा आंकडा तापलेल्या इंजिनांतील घट्टपणा सांगतो. पहिला आंकडा जितका लहान, तितकें तेल थंडींत अधिक पातळ. शून्य अंकाचें तेल उणे ३५ अंशांवर इंजिन फिरूं देतें कीं नाहीं, ह्याची कसोटी घेतात, आणि उणे ४० अंशांवर तें पंपानें खेंचलें जातें कीं नाहीं, हेंहि पाहतात. पांच अंकाच्या तेलाची इंजिन फिरविण्याची कसोटी उणे ३० वर, दहाची उणे २५ वर, पंधराची उणे २० वर आणि विसाची उणे १५ वर घेतली जाते. आपल्याकडील अनेक मोटरसायकलींत वर्षानुवर्षें २०डब्ल्यू-४० तेल घालीत आले आहेत. नागपूरच्या उन्हाळ्यांत तें शोभतें. तेंच तेल क्वेबेकच्या जानेवारींत घातलें तर इंजिन फिरणारच नाहीं. आणि जबरदस्तीनें फिरविलें तर तेल वर पोंचण्यापूर्वींच धातु धातूवर घासेल.

आतां बर्फगाडीचीं इंजिनें दोन जातींचीं असतात, आणि तेलाची निवड प्रथम ह्या जातीवर ठरते. एक चार फेऱ्यांचें, म्हणजे फोर-स्ट्रोक. दुसरें दोन फेऱ्यांचें, म्हणजे टू-स्ट्रोक. फोर-स्ट्रोक इंजिनांत तेल खालच्या टांकींत असतें, पंपानें वर जातें आणि पुन्हां खालीं येतें. तें जळून जावयाचें नसतें. ठराविक काळानें काढून बदलावयाचें असतें. अशा बर्फगाड्यांसाठीं निर्माते बहुधा ०डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-४० जातीचें सिंथेटिक तेल सांगतात.

टू-स्ट्रोकची गोष्ट निराळी, पण आपल्या ओळखीची आहे. जुन्या बजाज चेतक स्कूटरवर ज्यांनीं संसार वाहिला, त्यांना पेट्रोलपंपावर पेट्रोलांत तेल मिसळून घेतल्याचें आठवत असेल. ह्या जातीच्या इंजिनांत वंगणाची वेगळी टांकी तळाशीं नसते. पेट्रोलाबरोबरच तेल आंत जातें, बेअरिंगें आणि दट्ट्या ओले करतें आणि शेवटीं जळून धुराबरोबर बाहेर पडतें. हातानें मिसळावयाचें असल्यास पुष्कळ जुन्या गाड्यांना ५० भाग पेट्रोलास १ भाग तेल, म्हणजे एका लिटरला २० मिलिलिटर, असें प्रमाण सांगितलेलें असे. कांहींना ४० भागांस १. नव्या गाड्यांत तेलाची स्वतंत्र डबी असते, आणि एक लहानसा पंप वेगाच्या मानानें तेल सोडतो.

ह्या लहानशा पंपांतच खरी मेख आहे. डबीपासून इंजिनापर्यंतची नळी बारीक असते. तेल थिजलें तर पेट्रोल वाहत राहतें, ठिणगी पडत राहते, इंजिन चालत राहतें. फक्त वंगण पोंचत नाहीं. चालकाला कांहींएक कळत नाहीं. मग कांहीं वेळानें दट्ट्या सिलिंडरला चिकटतो आणि इंजिन जागच्या जागीं बंद पडतें. गांवापासून तीस-चाळीस किलोमीटरवर, दिवस मावळतांना, उणे ३० अंशांत हें घडलें तर तो प्रश्न गाडीच्या दुरुस्तीचा राहत नाहीं, जिवाचा होतो. म्हणून तेथील जाणते लोक तेलाच्या डब्यावर थंडींतील प्रवाहाचा अंश पाहतात, आणि डबी भरल्यावांचून घराबाहेर पडत नाहींत.

टू-स्ट्रोक तेल जळून जाणार, म्हणून तें जळल्यावर मागें काय ठेवतें, हेंहि महत्त्वाचें आहे. काजळी सांचली कीं दट्ट्यावरील कड्या अडकतात, आणि धूर बाहेर जाण्याच्या वाटेवर कांहीं इंजिनांत जी सरकती झडप असते, तीहि चिकटून बसते. मग गाडीचा जोर कमी होतो. ह्या दृष्टीनें जपानी मोटर-मानक संस्थेनें, जिला संक्षेपानें ‘जासो’ म्हणतात, तेलांच्या पायऱ्या ठरविल्या आहेत. त्यांतील एफ-सी ही कमी धूर करणाऱ्या तेलाची पायरी, आणि एफ-डी ही तशीच कमी धुराची, पण आंतील भाग अधिक स्वच्छ ठेवणारी. डब्यावर ह्यांपैकीं खूण आहे कीं नाहीं, तें पाहून घ्यावें. दुसरी एक खूण ‘टीसी-डब्ल्यू-३’ अशी दिसते. हें तेल होडीच्या मागें लावावयाच्या इंजिनासाठीं बनविलेलें असतें. तें इंजिन तळ्याच्या थंड पाण्यानें सदोदित गार राहतें; बर्फगाडीचें इंजिन मिनिटास ८,००० फेऱ्यांच्या घरांत फिरतें आणि अधिक तापतें. त्यामुळें एकाचें औषध दुसऱ्यास देऊं नये. निर्मात्याच्या पुस्तिकेंत स्पष्ट लिहिलें असेल तरच तें वापरावें. आणि फोर-स्ट्रोकचें तेल टू-स्ट्रोकमध्यें किंवा त्याच्या उलट कधींहि घालूं नये. एक टिकण्यासाठीं केलेलें, दुसरें जळण्यासाठीं. दोघांचे धर्मच भिन्न आहेत.

तेलानंतर पाणी. आपल्या शब्दांतहि तोच क्रम आहे. बर्फगाडीचें इंजिन थंड ठेवण्याची तऱ्हा मोठी मौजेची आहे. मोटरीप्रमाणें पुढें मोठा रेडिएटर लावण्याऐवजीं, बहुतेक पाण्यानें थंड होणाऱ्या गाड्यांत रबरी पट्ट्याच्या वरच्या बोगद्यांत चपट्या नळ्या बसविलेल्या असतात. पट्टा फिरतांना बर्फ उडवितो, तो त्या नळ्यांवर आपटतो आणि आंतील ऊन द्रव निववितो. म्हणूनच भुसभुशीत बर्फावर सुखानें धांवणारी गाडी तळ्यावरील कठीण, कांचेसारख्या बर्फावर तापूं लागते. तेथें उडावयास बर्फच नसतो. अशा वेळीं जमीन खरवडून बर्फाचे कण उडविणाऱ्या लहान आंकड्या खालीं लावतात.

त्या नळ्यांत नुसतें पाणी घालून चालत नाहीं. पाणी गोठतांना सुमारें शेंकडा ९ इतकें फुगतें, आणि त्या फुगण्यापुढें धातूचा ठोकळाहि फुटतो. म्हणून पाण्यांत ग्लायकोल नांवाचा द्रव मिसळतात. येथें एक चमत्कार पहा. शुद्ध पाणी शून्य अंशावर गोठतें. शुद्ध एथिलिन ग्लायकोल उणे १३ अंशांच्या सुमारास गोठतें. परंतु दोन्ही समभाग मिसळलीं तर मिश्रण सुमारें उणे ३७ अंशांपर्यंत तग धरतें, आणि ग्लायकोल शेंकडा ६० केलें तर उणे ५० च्या आसपासपर्यंत. कारण असें कीं, पाण्याचे रेणू आपल्या ठराविक जागीं रचले जाऊन बर्फ होऊं पाहतात, आणि ग्लायकोलचे रेणू मध्यें शिरून ती रचना मोडतात. ग्लायकोलच्या रचनेंत पाणीहि तसाच अडथळा करतें. म्हणून ‘थंडी फार आहे, सगळें ग्लायकोलच ओतूं’ असा उत्साह करणें अपायकारक आहे. शेंकडा ७० च्या पुढें गेल्यास संरक्षण वाढण्याऐवजीं घटत जातें. पाणी ऊर्ध्वपातित घ्यावें. विहिरीचें किंवा नळाचें घेतल्यास नळ्यांत क्षार बसतात. आणखी एक इशारा. एथिलिन ग्लायकोल चवीला गोड पण विषारी असतें. कुत्रींमांजरें तें चाटून मरतात; मुलांचे हात पोंचतील अशा जागीं तें कधींहि ठेवूं नये.

तिसरें स्थान सांखळीच्या पेटीचें. इंजिनाचा जोर प्रथम एका रबरी पट्ट्यावरून दोन पसरट कप्प्यांमधून जातो, आणि नंतर बहुतेक गाड्यांत एका बंद पेटींतील सांखळीवरून खालच्या आंसाकडे जातो. ह्या पेटींत थोडेंसेंच तेल मावतें, साधारण पाव लिटरच्या मानानें. पण तेंहि थंडींत वाहतें राहणारें, सांखळीचे धक्के सोसणारें, त्याच कामासाठीं केलेलें असावें लागतें. पेटी कधीं तापते, कधीं गारठते; त्यामुळें आंत दंव सांचतें. तेल काढतांना तें दुधाळ दिसलें तर पाणी शिरलें असें समजावें. खालच्या बुचाला बहुधा लोहचुंबक असतें. त्यावर बारीक लोखंडी भुगा दिसणें स्वाभाविक आहे, पण तुकडे दिसले तर सांखळी तपासावी. उलट, वर सांगितलेला रबरी पट्टा आणि त्याचे कप्पे ह्यांना तेलाचा थेंबहि लागतां कामा नये. ती जोडी घर्षणावरच चालते. तेल लागलें कीं पट्टा घसरतो, तापतो आणि तुटतो. तेलपाणी म्हणजे सर्वत्र तेल, असें नव्हे; कोठें घालूं नये, हें कळणें हाहि त्या विद्येचाच भाग आहे.

चौथा द्रव ब्रेकचा. ह्याच्या डब्यावर डॉट ३, डॉट ४, डॉट ५.१ अशा खुणा असतात. हे तिन्ही ग्लायकोलच्या वंशांतील असून हवेंतील ओलावा शोषून घेतात. ताज्या डॉट ४ चा उकळण्याचा अंश निदान २३० असावा लागतो; ओलावा शिरल्यावर तो १५५ पर्यंत उतरला तरी नियमांत बसतो. डोंगर उतरतांना ब्रेक सतत दाबून ठेवला तर आंतील द्रव उकळूं शकतो, त्यांत वाफेचे बुडबुडे होतात, आणि दांडी दाबली तरी ब्रेक लागत नाहीं. बुडबुडे नुसते दबतात. म्हणून दोन वर्षांतून एकदां तरी तो बदलावा आणि उघडा राहिलेला जुना डबा वापरूं नये. डॉट ५ मात्र सिलिकोनचा बनलेला, अगदीं वेगळ्या कुळांतला. नांवांत ५ आणि ५.१ एवढाच फरक दिसला तरी त्यांचें मिश्रण करूं नये.

पेट्रोलाबद्दल थोडेंच सांगावयाचें. टांकी अर्धी रिकामी राहिली कीं आंतील हवेंतील दंवाचें पाणी होतें, तें तळाशीं बसतें आणि नळींत गोठून वाट अडवितें. म्हणून टांकी शक्य तों भरलेली ठेवावी. हंगाम संपला कीं पेट्रोल टिकविणारें द्रव्य घालून इंजिन थोडें चालवावें, सिलिंडरांत संरक्षक तेलाचा फवारा मारावा, आणि मगच गाडी उन्हाळ्यासाठीं झांकून ठेवावी.

इतकें सगळें उत्तम आणूनहि एक दोष उरतो, आणि तो माणसाचा. गारठलेलें इंजिन सुरू होतांच कांहीं लोक पूर्ण जोर देतात. ॲल्युमिनिअमचा दट्ट्या आंतील ज्वाळेनें लवकर तापतो आणि फुगतो. भोंवतालचा सिलिंडर अजून थंडच असतो. मग फुगलेला दट्ट्या अरुंद सिलिंडरांत आंवळला जातो. हा अपघात कोणतेंहि तेल टाळूं शकत नाहीं. तो धीरच टाळतो. कांहीं मिनिटें इंजिन सावकाश चालूं द्यावें, मग हळूहळू वेग वाढवावा.

सारांश इतकाच. प्रथम इंजिनाची जात पहावी. मग त्या प्रदेशांतील सर्वांत कडक थंडी किती, तें पहावें. मग निर्मात्याच्या पुस्तिकेंत जी जात आणि जी खूण छापली आहे तीच डब्यावर आहे, ह्याची खात्री करावी. आणि निरनिराळ्या जातींचीं तेलें एकत्र करूं नयेत. दुकानदार म्हणतो म्हणून नव्हे, शेजारी वापरतो म्हणून नव्हे, आणि महाग आहे म्हणून तर मुळींच नव्हे. पुस्तिका वाचण्यास अर्धा तास लागतो. न वाचल्याचा दंड मात्र बर्फांत अडकून भरावा लागतो. व्हॅलकूरच्या त्या कारागिरानें जें वाहन पुढें सिद्ध केलें, त्यानें आजवर किती तरी आजाऱ्यांना वेळेवर दवाखान्यांत पोंचविलें असेल. पण तें पोंचवूं शकतें तें अखेर पाव-अर्धा लिटर योग्य तेलाच्या बळावर. आपण कधीं गुलमर्गला गेलां आणि गाडीवाल्यानें आपणांस बसविण्यापूर्वीं दहा मिनिटें इंजिन नुसतें चालूं ठेवलें, तर त्याच्यावर रागावूं नका. तो आपलें काम नीट करीत आहे, असें समजा.